टाकी फुल्ल केली की गाडी लवकर सुरू होत नाही, कोड पी०४४१: कॅनिस्टर बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीची गाडी, २०२१ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस६. टाकी फुल्ल करून पंपावरून निघताना पटकन सुरू होत नाही, सेल्फ चार-पाच सेकंद मारावा लागतो. सुरू झाल्यावर मिनिटभर आयडलिंग खालीवर होतं, मग सरळ. आठ-दहा दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मोबाईलला जोडायच्या स्कॅनरवर पी०४४१ दिसतो. गॅरेजमध्ये 'कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) गेलाय, बदलावा लागेल' असं सांगितलंय. विचारणारे स्वतः पाना-पक्कड चालवणारे आहेत, त्यामुळे घरी काय करता येईल ते हवंय.

घरी बरंच करता येतं. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय कॅनिस्टरवर जात नाही, पर्ज व्हॉल्व्हवर, म्हणजे कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर जातो. कॅनिस्टर महाग, तो बहुतेक गाड्यांत मागे टाकीजवळ असतो आणि खोलायला वेळ खातो. व्हॉल्व्ह बॉनेटखाली हाताशी असतो, किमतीनेही कितीतरी स्वस्त. तपासणी स्वस्त भागापासून सुरू करावी एवढंच कारण नाही. 'फुल्ल केल्यावरच त्रास' हे लक्षणच त्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र काही खोलू नका, सरळ शोरूमला दाखवा.

आधी ही यंत्रणा काय करते ते बघू. टाकीतल्या पेट्रोलची वाफ पूर्वी सरळ हवेत जायची. आता ती पाईपने कॅनिस्टरमध्ये जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा. फ्रिजमध्ये ठेवलेला कोळसा वास धरून ठेवतो तसा हा वाफ धरून ठेवतो. डब्याला तीन तोंडं असतात: एक टाकीकडे, एक इंजिनकडे, एक बाहेरच्या हवेसाठी. इंजिन गरम होऊन चालायला लागलं की ईसीयू (इंजिनचा संगणक) पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळांचा) व्हॅक्यूम बाहेरची ताजी हवा कोळशातून ओढतो आणि साठलेली वाफ इंजिनात जळून जाते. कोळसा रिकामा होतो, पुढच्या वाफेला जागा होते. व्हॉल्व्हला वीज नसेल तर तो बंद असतो, हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आता तुमचं लक्षण. पंपावर तीस लिटर पेट्रोल आत गेलं की टाकीतली तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर पडते. त्यातली काही कॅनिस्टरच्या वाटेने जाते, म्हणजे त्या पाच मिनिटांत कोळशात बरीच वाफ साठू शकते. व्हॉल्व्ह नीट बंद असेल तर काही बिघडत नाही. तो अर्धवट उघडा अडकला असेल तर सेल्फ मारल्याबरोबर ती सगळी वाफ मॅनिफोल्डमध्ये शिरते, वर इंजेक्टर आपलं पेट्रोल टाकतोच, आणि मिश्रण इतकं दाट होतं की इंजिन पकडत नाही. मिनिटभर चालल्यावर जादा वाफ संपते, आयडलिंग सरळ होतं. म्हणून घरून सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि पंपावर छळते.

याची खात्री करायला फुकटची एक युक्ती आहे. पुढच्या वेळी पंपावर असं झालं की ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाते. अशाने इंजिन लवकर पकडलं तर दाट मिश्रणाचा अंदाज पक्का. पकडताक्षणी पाय उचला, नाहीतर रेस भडकेल. यानेही काही फरक पडला नाही तर फ्युएल पंपाचा दाब, बॅटरी याही दिशेने बघावं लागेल.

पी०४४१ या कोडचा अर्थ 'पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही' एवढाच. जास्त आहे की कमी, आणि कुठल्या भागामुळे, हे तो सांगत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत टाकीच्या दाबाचा सेन्सर आणि कॅनिस्टरचा व्हेंट व्हॉल्व्ह (हवेचं तोंड उघडबंद करणारा) नसतो. अशा गाडीत ईसीयू व्हॉल्व्ह उघडून बंद करतो आणि ऑक्सिजन सेन्सर, मॅनिफोल्डचा दाब किंवा आयडलिंग यांत अपेक्षित फरक पडला का ते बघतो. फरक पडला नाही, किंवा नको तेव्हा पडला, की कोड. याच घराण्यातले बाकीचे कोड ओळखून ठेवा. पी०४४३, पी०४४४, पी०४४५ हे पर्ज व्हॉल्व्हच्या विजेचे, तिथे आधी कपलर (वायरीचा जोड) आणि वायर बघायची. पी०४९६ म्हणजे पर्ज नको तेव्हाही चालू. पी०४४२, पी०४५५, पी०४५६ हे गळतीचे, अनुक्रमे लहान, मोठी आणि अगदी बारीक. बहुधा टाकीला दाबाचा सेन्सर असलेल्या गाडीतच ते येतात. कुठल्या गाडीत काय बसवलंय हे मॉडेलवर आणि वर्षावर अवलंबून आहे, तेव्हा बॉनेटखालचं स्टिकर आणि गाडीसोबतचं पुस्तक एकदा बघून घ्या. टर्बो इंजिन असेल तर पर्जच्या दोन वाटा आणि मध्ये वन-वे व्हॉल्व्ह असतात; खालची बोटाची तपासणी तिथेही चालते, पण ती आयडलिंगलाच करा, रेस देऊन नको.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, मेडिकलमध्ये मिळणारी ५० किंवा ६० मिलीची सिरिंज, तिच्या नोझलवर बसणारी वीतभर रबरी नळी, फ्यूज लावलेल्या दोन वायरी, नोझ प्लायर आणि कोरडी पावडर असलेलं छोटं अग्निशामक. काम उघड्यावर करा, शेडमध्ये किंवा गोठ्याशेजारी बंद जागेत नको. विडी-सिगारेट, देवापुढचा दिवा, गॅसची शेगडी काहीच जवळपास नको. उजेडाला एलईडी हेडलॅम्प. हॅलोजनचा तापलेला बल्ब नाही.

पहिली तपासणी इंजिन थंड असताना, सकाळी. थ्रॉटल बॉडीजवळ (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) मॅनिफोल्डमधून निघणारा बारीक पाईप धरून पुढे गेलात की दोन पिनांचं कपलर असलेला काळा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह सापडेल. त्याचा एक पाईप मॅनिफोल्डला, दुसरा गाडीखालून मागे जाणाऱ्या लाईनला. ब्रेक बूस्टरचा जाड पाईप आणि क्रँककेसचा पाईप वेगळे, त्यांना हात लावू नका. कपलर काढा. मग मागून येणारा, म्हणजे कॅनिस्टरकडचा पाईप व्हॉल्व्हवरून सोडवा आणि त्याच्या तोंडात स्वच्छ बोल्ट घालून बंद करा, म्हणजे वाफ इंजिनवर पसरणार नाही. आता गाडी सुरू करून व्हॉल्व्हच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवा. कपलर काढलेलं आहे, वीज नाही, म्हणजे तिथे अजिबात ओढ लागता कामा नये. बोटाला कळत नसेल तर पातळ कॅरीबॅगचा तुकडा धरा. तो चिकटून बसला तर व्हॉल्व्ह गळतोय, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. कपलर न काढता गरम इंजिनवर ही तपासणी करू नका. तेव्हा ईसीयू मुद्दाम पर्ज चालवत असतो, ओढ लागणारच, आणि चांगला व्हॉल्व्ह भंगारात जातो. घाईच्या गॅरेजात हेच होतं.

कपलर काढून इंजिन चालवल्यामुळे पी०४४३ किंवा पी०४४४ येईल. घाबरू नका, तो तुम्हीच आणलेला आहे, शेवटी पुसून टाकू.

ओढ लागत नसेल तर व्हॉल्व्ह काढून टेबलावर घ्या. दोन पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत २० ते ३० ओहमच्या आसपास मिळतं. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे. अनंत दाखवलं तर कॉईल तुटली, शून्याच्या जवळ दाखवलं तर शॉर्ट. मग सिरिंजची नळी मॅनिफोल्डकडच्या तोंडाला लावून दांडा मागे खेचा आणि पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा. सोडल्यावर दांडा झटकन परत आला तर व्हॉल्व्ह हवा धरून ठेवतो. मधेच सैल पडला तर आतलं सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कड) गळतंय. तोंडाने ओढून बघण्याची सवय बऱ्याच मिस्त्रींना आहे. पेट्रोलची वाफ थेट छातीत जाते, ते करू नका. त्यानंतर फ्यूज लावलेल्या वायरींनी १२ व्होल्ट क्षणभर द्या. 'टक्' आवाज यायला हवा आणि त्या क्षणी सिरिंजमधली हवा मोकळी जायला हवी. दहा-बारा वेळा द्या आणि दर वेळी बंद झाल्यावर पुन्हा व्हॅक्यूम धरतो का ते बघा, कारण अडकणारा व्हॉल्व्ह बहुधा पाच वेळा नीट चालून सहाव्याला उघडा राहतो. बॅटरीशी हे करताना व्हॉल्व्ह पुसून कोरडा आणि गाडीपासून दूर ठेवा. ठिणगी आणि वाफ एकत्र नकोत.

व्हॉल्व्ह चांगला निघाला तर कपलरकडे वळा. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर मोकळं. एका पिनेवर बॅटरीइतकं व्होल्टेज यायला हवं. नाही आलं तर फ्यूज किंवा वायर. दुसरी पिन ईसीयूची आहे. तो ती ग्राउंड करून व्हॉल्व्ह चालवतो. तिच्यावर थेट १२ व्होल्ट देऊन 'चालतंय का बघू' म्हणालात तर ईसीयूच्या आतला व्हॉल्व्ह चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळेल आणि मग कॅनिस्टरची किंमतही स्वस्त वाटेल. दोन पिनांमध्ये एलईडीचा टेस्ट लॅम्प लावा, इंजिन गरम करून २५०० आरपीएमला धरा. लॅम्प लुकलुकला तर ईसीयू हुकूम देतोय.

मोबाईल स्कॅनर आहेच, तर त्यावर शॉर्ट फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे) ते, बघून घ्या. गरम इंजिन, आयडलिंग. अधिक-उणे ५ टक्के चांगलं, १० पर्यंत चालतं. टाकी नुकतीच फुल्ल केली असताना ट्रिम उणे १५-२० पर्यंत गेलं आणि कॅनिस्टरकडचा पाईप चिमटीत दाबल्यावर लगेच शून्याकडे आलं, तर जादा वाफ त्याच वाटेने येतेय. उलट टाकी निम्म्यावर, सकाळची गारवा असलेली वेळ, आणि ट्रिम अधिककडे झुकलेलं असेल तर तोच गळका व्हॉल्व्ह आता वाफेऐवजी नुसती हवा आत सोडतोय. एकच दोष दोन दिवसांत दोन उलट रूपं दाखवतो म्हणून माणूस चक्रावतो आणि इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर असं काहीबाही बदलत बसतो. आणखी एक: चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) बेळगावात ९२-९३ किलोपास्कलच दाखवेल, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. १०१ यायला हवं असं कुठेतरी वाचून सेन्सर बदलू नका. ते पणजीला येईल.

व्हॉल्व्ह खराब निघाला तर नवा घालताना जुन्याच्या तोंडात डोकावून बघा, पांढऱ्या कागदावर आपटून बघा. काळे बारीक दाणे पडले तर गोष्ट वेगळी. ते कोळशाचे दाणे आहेत, म्हणजे कॅनिस्टरच्या आतली गाळणी फाटली आहे आणि दाणे लाईनमधून येऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतायत. नुसता व्हॉल्व्ह बदललात तर महिन्या-दोन महिन्यांत तोच त्रास. इथे गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं: कॅनिस्टर बदलायचा, व्हॉल्व्ह बदलायचा, आणि मधली लाईन दोन्ही टोकांना सोडवून हलक्या हवेने साफ करायची. टोक कॅनिस्टरला किंवा टाकीला जोडलेलं ठेवून फुंकलीत तर दाणे मागे सरकून दुसरीकडे अडकतील. दाणे नसतील, फक्त चिकट मळ असेल, तर कार्ब क्लीनर मारून व्हॉल्व्ह थोडे दिवस चालतो. मी तो उपाय नवा भाग येईपर्यंतचा समजतो, कायमचा नाही.

आता कॅनिस्टर. तो दाणे सांडत नसेल तरी पेट्रोलने भिजलेला असू शकतो, आणि आपल्या सीमाभागात याचं कारण ठरलेलं आहे. कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं, त्यामुळे कोल्हापूर-गडहिंग्लजकडच्या गाड्या कोगनोळी, निपाणी, संकेश्वरच्या पंपांवर येतात आणि आपलेही लोक पलीकडे जाण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतात. नोझल कट झाल्यावर गाडी हलवून आणखी लिटरभर, मग राऊंड फिगर करायला आणखी थोडं. टाकीत वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, वाफेसाठी आणि पेट्रोल तापून फुगण्यासाठी. ती भरलीत की उन्हात फुगलेलं द्रव पेट्रोल वाफेच्या पाईपमधून थेट कोळशात जातं. कोळसा वाफेसाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही. त्यात वाचवलेले दहा-वीस रुपये कॅनिस्टरच्या बिलात कुठल्या कुठे जातात. नोझल पहिल्यांदा कट झाला की पंपावरच्या पोराला 'साकु' (कन्नडमध्ये 'पुरे') म्हणायचं आणि झाकण लावायचं.

भिजलेला कॅनिस्टर ओळखायला तो खोलावा लागतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकाला दगड, जॅकखाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा. क्विक कपलिंगवरची माती आधी ब्रशने झाडा, मग दोन्ही बाजूंचे कान दाबून थोडं फिरवत ओढा. मातीसकट ओढलं की आतली ओ-रिंग कापते, आणि प्लास्टिक जुनं असेल तर कान तुटतो. डबा हातात घेतल्यावर हलवा: आत खुळखुळ वाजलं तर दाणे सैल झालेत, डचमळलं तर पेट्रोल आहे. तिरका केल्यावर तोंडातून थेंब आले तर शंकाच नको.

पण भिजलेला प्रत्येक कॅनिस्टर टाकून द्यायचा नसतो. थेंब गळत नसतील, दाणे शाबूत असतील, तर तो उघड्यावर सावलीत दोन-तीन दिवस तोंडं मोकळी ठेवून राहू द्या, वस्तीपासून आणि आगीपासून लांब. हेअर ड्रायर, हीट गन, चूल, काही नाही. पाण्याने धुवायचाही नाही. पाणी शिरलेला कोळसा वाफ धरत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे गाडीलाच तो सुकवू देणं: व्हॉल्व्ह ठीक केल्यावर टाकी निम्म्याखाली ठेवून हायवेला सरळ वेगाने एक लांब फेरी, बेळगाव-कोल्हापूरसारखी शंभरेक किलोमीटरची. इंजिन स्वतःच कोळसा ओढून रिकामा करतं. ही फेरी घाटातली नको. चढणीला थ्रॉटल जास्त उघडलेला असतो, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी, म्हणून पर्जही कमी. त्यात गोव्याहून चोर्ल्याने किंवा सावंतवाडीहून आंबोलीने वर येताना बाहेरचा दाब उतरत जातो आणि टाकीत जास्त वाफ होते. कॅनिस्टर आधीच भरलेला असेल तर पेट्रोलचा वास याच रस्त्यांवर पहिल्यांदा येतो.

तिसरं तोंड, बाहेरच्या हवेचं, याकडे कुणी बघत नाही. खानापूर-जांबोटीकडची लाल धूळ, ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यांवरचा फुफाटा, पावसात उडालेला चिखल, हे सगळं त्या तोंडाच्या जाळीवर बसतं. गाडी महिनाभर उभी असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घरटं बांधते. हे तोंड बंद झालं की ताजी हवा आत येत नाही, पर्जचा प्रवाह थांबतो आणि तोच पी०४४१ येऊ शकतो, या वेळी प्रवाह कमी असल्यामुळे. लक्षणं मात्र वेगळी: झाकण उघडताना मोठा 'फुस्स', पंपावर नोझल पुन्हा पुन्हा कट होणं, लांब चालवल्यावर गाडी पिकअप सोडणं. तुमच्या प्रश्नात यातलं काही नाही, म्हणून मी हे मागे ठेवलं. साफ करायला हात आणि मऊ ब्रश पुरे. कॉम्प्रेसरची हवा या तोंडात मारलीत तर गाळणी फाटेल आणि वर सांगितलेले दाणे तुमच्याच गाडीत सुरू होतील.

उसाच्या शेताजवळ गाडी उभी राहत असेल तर पाईप उंदरांनी कुरतडलेत का तेही बघा. टाकीवरचा आडवा पाईप त्यांना फार आवडतो, आणि तो खालून दिसत नाही, हात फिरवावा लागतो. तिथे बदलायचा पाईप पेट्रोल-वाफेसाठी बनवलेला हवा. अंगावर एसएई जे३०, आर७ किंवा आर९ असं छापलेलं असतं. बेळगावच्या उद्यमबागेत होजच्या (रबरी पाईपच्या) दुकानात जुना तुकडा दाखवून आतला व्यास मोजून घ्या. पारदर्शक पीव्हीसी नळी किंवा बागेचा पाईप सहा महिन्यांत कडक होऊन तडकतो, आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तर लवकरच.

पेट्रोलचा वास येतोय पण गळती दिसत नाही, किंवा गळतीचा कोड आलाय, अशांसाठी घरगुती तपासणी आहे. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड मीटर घ्या, यू आकारात फळीवर बांधा, निम्मी पाण्याने भरा. व्हॉल्व्हवरून सोडवलेल्या वाफेच्या लाईनला टी-जॉईंट लावा: एका फाट्याला ही नळी, दुसऱ्याला सिरिंज. कॅनिस्टरचं हवेचं तोंड रबरी बुचाने बंद करा, टाकीचं झाकण लावा. सिरिंजने हवा ढकला, प्रत्येक वेळी भरताना फाटा चिमटीत धरा. पाण्याच्या दोन पातळ्यांत २५ सेंटिमीटर फरक आला की थांबा. हा साधारण २.५ किलोपास्कल दाब झाला. यंत्रणेला तेवढा पुरतो. पस्तीस लिटरची टाकी निम्मी भरलेली असेल तर ६० मिलीच्या सिरिंजने आठ-दहा वेळा ढकलावं लागेल. मग घड्याळ लावा. १ मिलिमीटरचं भोक असेल तर पाणी अर्ध्या मिनिटात सपाट होतं, अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर दोनेक मिनिटांत. पाच मिनिटांनीही बहुतेक फरक टिकला तर यंत्रणा घट्ट आहे. पाणी पडत असेल तर झाकणाची कड, पाईपचे जॉईंट, कॅनिस्टरचे जोड यांवर भांडी घासायच्या लिक्विडचा फेस लावा, बुडबुडे जागा सांगतील. हे सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना करायचं. टाकी तापत असेल तर वाफेने पाणी उलट वर चढेल. काही गाड्यांत टाकी आणि कॅनिस्टरच्या मध्ये दुहेरी व्हॉल्व्ह असतो, तिथे ही तपासणी कॅनिस्टरपर्यंतचीच समजा. यू-नळीचा आणखी फायदा म्हणजे दाब चुकून वाढला तर पाणी उडून जातं, टाकीला धोका होत नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र कधीही जोडू नका. आणि अगरबत्ती किंवा चिंध्या जाळून धूर सोडायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आत पेट्रोलची वाफ आहे. धुराची तपासणी करायची तर योग्य यंत्र असलेल्या गॅरेजातच.

जोडणी करताना व्हॉल्व्हवरचा बाण बघा. तो प्रवाहाची दिशा, म्हणजे मॅनिफोल्डची बाजू दाखवतो. पाईपवर मूळ स्प्रिंग क्लिपच परत लावा. प्लास्टिकच्या नोझलवर स्क्रूचा क्लॅम्प आवळला की नोझल चिरतं. पर्जची लाईन बोल्ट घालून कायमची बंद करायचा जुगाड कुणी सुचवला तर ऐकू नका: कोळसा कधीच रिकामा होणार नाही, वाफ मागच्या तोंडातून गाडीखाली पसरत राहील आणि दिवा पुन्हा लागेलच. एमिशन टेस्ट पास होते म्हणून सगळं ठीक असंही नाही. ती सायलेन्सरमधला धूर मोजते, टाकीची वाफ नाही.

शेवटी कोड पुसा, बॅटरी काढून नव्हे तर स्कॅनरने (कॅनिस्टर खोलताना सुरक्षिततेसाठी काढावी लागते ती गोष्ट वेगळी). बॅटरी काढली की ईसीयूने शिकलेली बाकीची मूल्यंही जातात आणि आयडलिंग दोन दिवस वेगळंच वागतं. मग टाकी पाव ते पाऊण यांच्यामध्ये ठेवा. सकाळी थंड इंजिनवर सुरू करा, काटा नेहमीच्या जागी आल्यावर ५०-६०च्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सरळ चालवा, मग चार-पाच मिनिटं आयडलिंगला उभी ठेवा. असे तीन-चार दिवस करा. फॉल्ट पुसला नाहीत तरी सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. स्मृतीतला कोड मात्र बरेच दिवस राहतो, त्याने गोंधळू नका. त्यानंतर एकदा टाकी भरा, पहिल्या कटला थांबून, आणि पंपावरच सेल्फ मारून बघा. पुन्हा लांबला आणि व्हॉल्व्ह नवा असेल, तर ॲक्सिलरेटरची युक्ती परत करा. तिने फरक पडत नसेल तर या यंत्रणेचा नाद सोडून गेज लावून फ्युएल पंपाचा दाब मोजून घ्या, विशेषतः इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत तो किती उतरतो ते.